मतलब: दाराशी येणारी बाई आणि अंगणातला हापसा

बांगलादेशात चांदपूर जिल्ह्यात मतलब नावाचा भाग आहे. ढाक्यापासून आग्नेयेला साधारण पंचावन्न किलोमीटर. एका अंगाला मेघना, मधून धनागोदा, आणि पावसाळ्यात नदी कुठे संपते आणि शेत कुठे सुरू होतं ते कळत नाही. म्हणून घरं मातीच्या उंचवट्यावर. उंचवट्याला माती लागते, ती शेजारीच खणायची, आणि जो खड्डा उरतो त्याचं तळं होतं. एका अंगणाभोवती भाऊभाऊ, चुलते-पुतणे यांची चार-सहा घरं असतात, तिला ‘बाडी’ म्हणतात. घर वाढलं की नवी बाडी, आणि नवी बाडी झाली की नवं तळं. या तळ्यापाशी आपल्याला परत परत यायचं आहे.

मी आशाताईंच्या प्रशिक्षणात शिकवते. दर बॅचला कुणीतरी एक प्रश्न विचारतंच: “मॅडम, माणसं कमी झाली की रोगराई पण कमी होईल ना? पाणी पण पुरेल ना?” प्रश्न साधा आहे, आणि टीव्हीवरच्या चर्चांमध्ये त्याचं उत्तर तितकंच साधं ‘हो’ असं दिलं जातं. मी उत्तर देण्याऐवजी त्यांना मतलबची हकिगत सांगते. लोकसंख्या, आरोग्य आणि भोवतालचं पाणी-माती यांचा एकमेकांशी संबंध कसा लागतो आणि कुठे तुटतो, हे मतलबइतकं बारकाईने फार थोड्या ठिकाणी नोंदलं गेलंय.

१९६० साली ढाक्यात कॉलऱ्यावर संशोधन करणारी प्रयोगशाळा निघाली. लशी खेड्यात तपासायच्या होत्या, म्हणून १९६३ मध्ये तिने मतलबला ठाणं मांडलं. लस घेतलेल्यांत किती आजारी पडले आणि न घेतलेल्यांत किती, हे कळायचं तर आधी माणसं किती ते कळायला हवं. त्यामुळे १९६६ पासून घरोघर नोंद सुरू झाली: कोण जन्मलं, कोण गेलं, कोण लग्न होऊन आलं, कोण गाव सोडून गेलं. ती नोंद आजवर चालत आली आहे. १९७८ मध्ये त्या प्रयोगशाळेचं आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्र झालं. आयसीडीडीआर,बी या नावाने ते ओळखलं जातं. आपल्याकडे पुण्याजवळ वढूला २००२ पासून अशीच घरोघरची नोंद चालते, पण मतलब तिच्याहून छत्तीस वर्षांनी थोरलं.

देशाचा आवाका कळावा म्हणून एक तुलना. बांगलादेश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान आहे. २०२२ च्या जनगणनेत तिथे सुमारे १७ कोटी माणसं मोजली गेली. एका चौरस किलोमीटरवर अकराशेहून जास्त. महाराष्ट्रात २०११ मध्ये हाच आकडा ३६५ होता. १९७१ मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा तिथली वस्ती सात कोटींच्या आसपास होती आणि एका बाईला सरासरी सहाच्या वर मुलं होत. जन्मलेल्या दर पाच मुलांपैकी एकाहून जास्त मूल पाच वर्षांचं होण्याआधी जात असे. वर १९७० चं चक्रीवादळ, १९७१ चं युद्ध, १९७४ चा दुष्काळ. त्या काळी जगभरचे जाणकार या देशाकडे बोट दाखवून सांगत की वाढत्या लोकसंख्येत बुडणारा देश पाहायचा असेल तर इथे पाहा.

आधी मूल जगायला हवं

पटकी, म्हणजे कॉलरा, हा तळ्याचा रोग. एकाच तळ्यात भांडी, धुणं, आंघोळ, आणि त्याच पाण्याची घागर चुलीशी. माणसं थोडी होती तेव्हाही हेच चाले. माणसं दाट झाली तेव्हा संडासाचा पाझर आणि पिण्याचं पाणी यांतलं अंतर उरलं नाही. वाढत्या वस्तीचा आरोग्याशी पहिला संबंध हा असा, काही फुटांच्या अंतराचा असतो.

१९६८ मध्ये ढाक्याच्या त्या प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या तरुण डॉक्टरांनी आपल्या स्थानिक सहकाऱ्यांसोबत दाखवून दिलं की कॉलऱ्याच्या रुग्णाला साखर-मिठाचं पाणी तोंडावाटे पाजून वाचवता येतं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांच्याकडच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या आणि त्यांनी हेच पाणी पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण तिसाच्या आसपास होतं ते चार टक्क्यांच्या खाली आलं. पुढे १९८० च्या दशकात ब्रॅक या संस्थेच्या बायका देशभर एक कोटीहून जास्त घरांत गेल्या आणि चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि मोजून घेतलेलं पाणी कसं कालवायचं ते आईच्या हातून करवून घेतलं. आईला ते आठवतंय का हे नंतर तपासलं जाई, आणि शिकवणाऱ्या बाईचा पगार त्यावर ठरे.

हे आधी सांगते कारण पाळणा लांबवण्याची गोष्ट इथून सुरू होते. पाचातलं एक जाणार हे ज्या आईला ठाऊक आहे तिला “दोनच पुरेत” म्हणणं हा तिचा अपमान आहे.

सुईणींचा फसलेला प्रयोग

१९७५ मध्ये मतलबला गर्भनिरोधक गोळ्या आणि निरोध घरपोच वाटायला सुरुवात झाली. वाटणाऱ्या सुमारे दीडशे सुईणी होत्या. वयस्क, बहुतेक विधवा, निरक्षर. कल्पना वरवर पाहता चांगली होती: गावातलीच बाई, ओळखीची, कुठल्याही घरात जाऊ शकणारी. पहिल्या तीन महिन्यांत गोळ्या घेणाऱ्या बायकांचं प्रमाण अठरा टक्क्यांच्या आसपास गेलं. मग उतरायला लागलं. दीड-दोन वर्षांत जन्मदरावर म्हणण्यासारखा परिणाम दिसेना.

का, ते शोधलं तेव्हा कारण अगदी घरगुती निघालं. गोळी सुरू केली की पहिल्या महिन्यात मळमळ होते, चक्कर येते, मध्येच रक्त जातं. बाई घाबरते. सुईण गोळ्यांची पाकिटं ठेवून गेलेली असते. विचारलं तर तिलाही उत्तर माहीत नसतं, तिने स्वतः गोळी कधी घेतलेली नसते. सासू म्हणते बंद कर. बाई बंद करते. पाकिटं घरात पोचली होती, पण त्यांच्यामागे ऐकून घेणारं माणूस पोचलं नव्हतं.

ऑक्टोबर १९७७ मध्ये सगळं नव्याने मांडलं. सुमारे दीडशे गावांपैकी ७० गावांत नवी सेवा आणि उरलेल्या गावांत नेहमीची सरकारी सेवा, म्हणजे दोन्हींची तुलना करता येईल. ७० गावांसाठी ८० बायका निवडल्या. तरुण, लग्न झालेल्या, सातवी-आठवी शिकलेल्या, त्याच गावातल्या, आणि स्वतः कुटुंबनियोजनाचं साधन वापरणाऱ्या. प्रत्येकीकडे साधारण हजार वस्ती. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं. गोळी, निरोध आणि तीन महिन्यांचं इंजेक्शन ती घरातच देई. तांबी बसवायची तर वरच्या उपकेंद्रातली परिचारिका. त्रास झाला तर पुन्हा तीच येई, आणि तिला न जमलं तर परिचारिका.

या भेटी डोळ्यांसमोर आणताना मला आपल्या आशाताईच दिसतात. पावसाळ्यात होडीतून उतरून, चिखलातून बाडीच्या अंगणात यायचं. पुरुष बाजाराला गेलेले. परकी बाई दिसताच पडद्याआड झालेली सून सासूकडे बघते. सासूची आधी विचारपूस, तिच्या गुडघ्याची चौकशी. मग हळूच सुनेला: “भाबी, या वेळी पाळी कशी गेली? गरगरतं का अजून?” यात उपदेश नाही, घोषणा नाही. पंधरा दिवसांनी हीच बाई पुन्हा येणार आहे हे दोघींना माहीत आहे, म्हणून आज सगळं बोलून टाकायची घाई नाही. ज्या बाईला दवाखान्यात जायला नवऱ्याची परवानगी, सोबत आणि होडीचे पैसे लागतात, तिच्यासाठी दवाखानाच उंबऱ्यावर येऊन बसला होता.

सुरुवातीला या ७० गावांत साधन वापरणाऱ्या बायका ७ टक्के होत्या. दीड वर्षात त्या एकतृतीयांशावर गेल्या. १९८४ च्या सुमारास निम्म्याच्या जवळ पोचल्या, तेव्हा शेजारच्या तुलनेच्या गावांत हे प्रमाण साधारण सहावा हिस्सा होतं. माती तीच, नदी तीच, गरिबी तीच. शेतजमीन वाढली नव्हती, कारखाना आला नव्हता, बायका अचानक शिकल्या नव्हत्या. फरक एकच होता, दाराशी कोण येतं.

त्या बायकांच्या पिशवीत एकेक गोष्ट वाढत गेली. १९७८ पासून गरोदर बाईला धनुर्वाताची लस, मग जलसंजीवनीची पाकिटं, १९८२ पासून निम्म्या भागात गोवराची लस आणि काही वर्षांनी उरलेल्या निम्म्यात. पुढे बाळंतपणासाठी प्रशिक्षित परिचारिका.

काय हाती लागलं

१९९६ मध्ये या गावांची मोठी पाहणी झाली. घरातल्या चीजवस्तूंपासून बाईच्या वजनापर्यंत सगळं मोजलं. त्यावरून शरीन जोशी आणि पॉल शुल्ट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी मांडलं की सेवेच्या गावांत जननदर सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाला आणि तो फरक टिकला. त्या बायकांची तब्येत बरी होती आणि मुलं जास्त जगली होती. तानिया बारहॅम यांनी त्या कार्यक्रमात जन्मलेल्या, आठ ते चौदा वर्षांच्या मुलांची आकलनाची चाचणी पाहिली. गोवराची लस वेळेवर मिळालेल्या गावांतली मुलं स्पष्टपणे पुढे होती. लहानपणी गोवर न होणं, पाठीला पाठ लावून भावंडं न येणं, याचा हिशेब बारा वर्षांनी मुलाच्या डोक्यात दिसतो, हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं होतं.

माता-मृत्यूंचं चित्र जरा वेगळं आहे. १९७६ ते २००५ या तीस वर्षांत सेवेच्या गावांत माता-मृत्यूंचं प्रमाण ६८ टक्क्यांनी घटलं, पण शेजारच्या सरकारी सेवेच्या गावांतही ते ५४ टक्क्यांनी घटलं. म्हणजे सगळं श्रेय पाळणा लांबवण्याला देता येत नाही. अडलेल्या बाईला शस्त्रक्रियेपर्यंत पोचवणं, गर्भपाताची सुरक्षित सोय आणि मुलींचं शिक्षण, यांचा वाटा मोठा. अडलेलं बाळंतपण तिसरं असो की सातवं, त्या रात्री होडी आणि डॉक्टर लागतोच.

तुलनेच्या गावांतही पुढे जननदर उतरला. साऱ्या देशात तो १९७५ च्या सहाच्या वरून १९९० च्या दशकात ३.३ वर आणि २०११ मध्ये २.३ वर आला. मतलबच्या धर्तीवर सरकारनेही कुटुंबकल्याण साहाय्यक बायका नेमल्या, त्यांची संख्या वीस हजारांच्या पुढे गेली. टीकाकार म्हणतात, मतलबचा खर्च सरकारी कार्यक्रमाच्या कित्येक पट होता, असं कुणालाही जमेल. खर्चाचा मुद्दा खरा आहे. पण शेजारची गावं दहा-पंधरा वर्षं मागे राहिली, आणि त्या वर्षांत तिथल्या बायकांनी जी नको असलेली बाळंतपणं सोसली, जी मुलं गोवराने गेली, ती कुठल्या रकान्यात मांडायची हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

साडी आणि सक्ती

इथे आपल्या घरची आठवण काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आलं नाही. पण कायद्याची वाट कुणी पाहिली नाही: १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८२ लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या. शिक्षकांना, तलाठ्यांना कोटे दिले गेले. मार्च १९७७ मध्ये सरकार गेलं, आणि कुटुंबनियोजन हा शब्दच कित्येक वर्षं गावात उच्चारायची सोय उरली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात मतलबमध्ये त्या ८० बायका कामाला लागल्या. आपल्याकडे आजही शस्त्रक्रियेचा भार जवळजवळ पूर्णपणे बायकांवर आहे, याचं एक मूळ त्या वर्षात आहे. आणि तीन महिन्यांचं जे इंजेक्शन मतलबच्या बाईला १९७७ मध्ये उंबऱ्यावर मिळत होतं, ते आपल्या सरकारी कार्यक्रमात ‘अंतरा’ म्हणून २०१७ मध्ये आलं. मधल्या काळात स्त्री-संघटनांनी अशा इंजेक्शनांना विरोध केला, कोर्टात गेल्या. बाईला पुरती माहिती न देता टोचलं जाईल ही त्यांची भीती आणीबाणीनंतर अगदी रास्त होती.

बांगलादेशही धुतल्या तांदळासारखा नव्हता. १९८० च्या दशकात तिथे नसबंदी करून घेणाऱ्या बाईला साडी आणि पुरुषाला लुंगी मिळे, वर पावणेदोनशे टका. शस्त्रक्रियेसाठी स्वच्छ कपडे आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई, असं त्याचं कारण सांगितलं जाई. पण ज्या घरात दुसरी साडी नाही त्या घरातल्या बाईपुढे साडी ठेवून “तुझी इच्छा असेल तर” म्हणण्याला काही अर्थ नाही. तिथे इच्छा आणि गरज वेगळ्या काढता येत नाहीत.

हापसा

आता तळ्याकडे परत. तळ्याचं पाणी पिऊन मुलं मरतात, तर जमिनीखालचं पाणी प्या. सरकार आणि युनिसेफ यांनी १९७० च्या दशकापासून हापसे बसवायला मदत केली, आणि पुढे लोकांनी आपल्या खर्चाने बसवले. नळी थोडी खाली घातली की पाणी. मुलीच्या लग्नात हापसा द्यावा इतका तो घरातला झाला. देशभरात लाखो हापसे झाले. पाणी स्वच्छ, गार, अंगणात. बाईची पायपीट वाचली. शेतातही नळ्या उतरल्या, उन्हाळी भाताला त्यावर पाणी मिळू लागलं, आणि वस्ती दुपटीहून वाढली तरी भाताचं उत्पादन त्याहून वेगाने, साधारण तिप्पट झालं. लोकसंख्येमुळे उपासमार होणारच म्हणणाऱ्यांना त्या हापशांनी खोटं पाडलं.

त्याच पाण्यात सोमल, म्हणजे आर्सेनिक, होतं.

हिमालयातून नद्यांनी आणलेल्या गाळात लोहाच्या गंजाला आर्सेनिक चिकटलेलं असतं. गाळाखाली गाडल्या गेलेल्या पालापाचोळ्यावर, जिथे हवा पोचत नाही तिथे जीवाणू जगतात. ते गंज विरघळवतात आणि आर्सेनिक पाण्यात मोकळं होतं. हापसे नेमके त्याच उथळ थरात उतरले होते. दीडशे मीटरच्या खालचं पाणी बहुतेक ठिकाणी निर्धोक, पण तितकं खोल जायला पैसा लागतो. पश्चिम बंगालमध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे असे रुग्ण आले होते: तळहात-तळपायांवर कडक फोड, छातीवर पावसाचे थेंब पडावेत तसे काळे-पांढरे ठिपके. बांगलादेशात ते पाण्यात सापडल्याची खात्री १९९३ मध्ये झाली. हे विष हळू चढतं. दहा वर्षं, वीस वर्षं. मग त्वचेचा, मूत्राशयाचा, फुप्फुसाचा कर्करोग. डाग पडलेल्या मुलीचं लग्न मोडतं, कारण लोकांना तो महारोग वाटतो.

देशभर पन्नास लाखांच्या आसपास हापसे तपासून निर्धोक असेल त्याची तोटी हिरवी आणि विषारी असेल त्याची लाल रंगवली. सुमारे चौदा लाख लाल निघाले. मतलबमध्ये २००२-०३ मध्ये १३ हजारांहून जास्त हापसे तपासले, त्यातल्या ६१ टक्क्यांत आर्सेनिक बांगलादेशच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त होतं. जागतिक आरोग्य संघटनेची १० ची मर्यादा लावली तर ७० टक्के हापसे बाद. आणि मतलबकडे त्या जुन्या नोंदी होत्या, म्हणून तिथे आणखी एक गोष्ट पाहता आली. एकोणतीस हजारांहून जास्त गरोदरपणांच्या नोंदी त्या-त्या घरच्या पाण्याशी जोडल्या. ५० च्या वर आर्सेनिक असलेलं पाणी पिणाऱ्या बायकांत गर्भ जाण्याचा धोका १४ टक्क्यांनी आणि वर्षाच्या आत बाळ जाण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त निघाला.

हे मी वर्गात सांगते तेव्हा शांतता पसरते. एकीकडे त्या ८० बायकांनी लस टोचून, पाळणा लांबवून बाळं वाचवली, आणि त्याच अंगणातला हापसा थोडी थोडी परत घेत होता. हापसा बसवणारं कुणी दुष्ट नव्हतं. कॉलऱ्यासाठी पाणी तपासलं जात होतं, सोमलासाठी तपासावं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

लाल तोटी दिसल्यावर काय करायचं? शेजारच्या हिरव्या हापशावर जायचं. तो शेजार दुसऱ्या बाडीतला असतो. तिथल्या पुरुषांसमोरून रोज घागर घेऊन जायचं, कधी भांडण झालेलं, कधी मालकीण तोंड वाकडं करणारी. दिवसाला चार खेपा. अनेक घरांनी वाट बदलली, अनेकांनी लाल तोटीवरचा रंग उडेपर्यंत तेच पाणी प्यायलं.

चौपदरी घडी

तळ्याचं पाणी नको आणि हापशाचंही नको, अशा कोंडीत एक जुनी गोष्ट कामाला आली. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या प्राण्यांना चिकटून राहतात, असं शास्त्रज्ञ रीटा कॉलवेल यांनी दाखवलं होतं. जंतू गाळता येत नाही, पण तो ज्यावर बसलाय तो प्राणी गाळता येतो. मतलबच्या ६५ गावांत तीन वर्षं प्रयोग झाला: जुन्या सुती साडीची चार ते आठ पदरी घडी घागरीच्या तोंडावर धरून पाणी ओतायचं. कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला. साडी जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन तिचे धागे फुगतात आणि जाळी बारीक होते.

मी आजीच्या एका विटलेल्या सुती लुगड्याची तशी घडी करून उजेडात धरून पाहिली. एका थरातून खिडकी दिसते, दोन थरांतून खिडकीचा आकार, आठ थरांतून नुसता पांढुरका उजेड. विहिरीचं पाणी त्यातून ओतलं तर घडीवर हिरवट, बुळबुळीत साय उरली. आमच्या आईच्या पिढीला हे नवीन नाही. नारूसाठी पाणी फडक्यातून गाळायला सांगत ते तिला आठवतं. नारू देशातून गेला, फडकंही गेलं. मतलबमध्येही पाच वर्षांनी परत पाहिलं तेव्हा ३१ टक्के बायका पाणी गाळत होत्या. आता कुणी विचारायला येत नव्हतं. तरीही एकतृतीयांश बायकांनी ते धरून ठेवलं, हे मला थोडं वाटत नाही.

माणसं वाढतच राहिली

जननदर उतरला तरी देशाची वस्ती सात कोटींवरून सतरा कोटींवर गेली. आशाताईंना हे पटवायला वेळ लागतो. सहा-सहा मुलांच्या पिढीतल्या मुली मोठ्या झाल्या. त्यांना दोन-दोनच मुलं झाली तरी आया इतक्या की जन्म थांबत नाहीत. त्यातून मुलं जगतात आणि म्हातारी माणसंही जास्त वर्षं जगतात. आज लावलेल्या ब्रेकवर गाडी थांबायला दोन पिढ्या लागतात. तोवर त्या माणसांना पाणी, जमीन, काम लागणारच.

मतलबच्या नोंदींत हेही दिसतं. मेघनेने काठ कापले आणि १९८७ मध्ये सात गावं नोंदवहीतूनच गेली. त्याच सुमारास मेघना-धनागोदा प्रकल्पाचा बांध पुरा झाला. आतल्या बाजूला पूर थांबला, भाताची पिकं वाढली; बाहेरची माणसं पुरातच राहिली आणि पुराबरोबर शेतात येणारी मासळी आतल्यांच्या ताटातून कमी झाली. गरिबाचं मटण-दूध म्हणजे ती फुकटची मासळी होती. पुरुष ढाक्याला आणि आखातात गेले. ढाका दोन कोटींचं झालं आणि त्याच्या इमारतींसाठी भोवताली वीटभट्ट्या धूर ओकू लागल्या. खेड्यातलं घर लहान झालं, आणि त्याच घरातल्या मुलाच्या छातीत शहराचा धूर गेला.

नऊ ते एक

हगवण, धनुर्वात, गोवर मागे हटले तसं मतलबच्या नोंदवहीत मुलांच्या मृत्यूचं एक वेगळंच कारण वर आलं. एक ते चार वर्षांची मुलं सगळ्यात जास्त बुडून जायला लागली. घरामागच्या तळ्यात. तळं आधीही होतं आणि मुलं आधीही बुडत होती, पण इतर मृत्यूंच्या गर्दीत ती दिसत नव्हती. बुडणं बहुतेक सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान होतं. आई चुलीशी, बाप शेतात किंवा परदेशात. माझ्या मते आणखी एक बदल यात मिसळला आहे: कडेवर धाकट्याला घेऊन फिरणारी थोरली बहीण आता त्या वेळी शाळेत असते. ती शाळेतच असायला हवी. मग धाकट्याकडे कोण बघणार?

२०१३ नंतर मतलबसह काही तालुक्यांत यावर मोठं काम झालं. गावातल्याच एका बाईच्या घरी नऊ महिन्यांपासून चार वर्षांच्या आतली मुलं सकाळी नऊ ते एक सांभाळायची, आठवड्याचे सहा दिवस. या केंद्राचं नाव ‘आंचल’, म्हणजे आपला पदर, आणि सांभाळणारी ‘आंचल मा’. जी मुलं तिथे जात होती त्यांच्यात बुडून मरण्याचं प्रमाण फार मोठ्या प्रमाणात घटलं. तळी बुजवली नाहीत. बुजवता येतच नाहीत, घरं त्याच मातीवर उभी आहेत.

हे सांगून झालं की वर्गातली एखादी आशाताई हमखास विचारते, “त्या आंचल माला मानधन किती मिळतं, मॅडम?” तिचा स्वतःचा मोबदला तीन महिने अडकलेला असतो. सासूच्या गुडघ्याची चौकशी करून सुनेशी बोलायला, लाल तोटीऐवजी हिरव्या तोटीवर जा म्हणायला, नऊ वाजता मुलं मोजून आत घ्यायला आणि एक वाजता पुन्हा मोजून आईच्या हाती द्यायला जी बाई लागते, तिला वेळेवर पैसे मिळतात की नाही, इथे येऊन आमचा तास बहुतेक वेळा संपतो, आणि पुढचा अर्धा तास आम्ही थकलेल्या मोबदल्याची यादी करत बसतो.